लंकाबाईचं न्हाई

राहुरी, ९ जानेवारी २०२५

स्नेहल,

वर 'चि. सौ.' घातलेलं नाही. जिने बापाचा नंबर मोबाईलमध्ये बंद करून ठेवलाय तिला आशीर्वाद कशाला पाठवू, ते दारातूनच परत येतील. नंबर बंद म्हणून हे पत्र. घरच्या पत्त्यावर पाठवलं असतं तर तू घेतलं नसतंस, म्हणून शाळेच्या पत्त्यावर पाठवतोय. शिपाई चारचौघांत हातात देईल. तिथं तू मास्तरीण असतेस, माझी मुलगी नसतेस, त्यामुळे घेशील.

तू केदाररावांना सांगितलंस, त्यांनी तुझ्या कल्याणकाकाला, आणि कल्याणने काल माझ्याच ओट्यावर बसून मला सांगितलं. "स्नेहल म्हणती, नानाला साधा चहा करता येत न्हाई, आईला काय संभाळणार? पुढल्या महिन्यात गाडी येणार हाय. वहिनीला नाशिकला न्यायचं ठरलंय."

कुणी ठरवलं?

गाडी पाठवू नकोस. पाठवलीस तर रिकामी परत जाईल.

डिसेंबरात तुझी आई धुणं वाळत घालताना पडली. तिला उचलून नगरच्या दवाखान्यात मी नेलं. तू दुसऱ्या दिवशी पोहोचलीस. मग आठ दिवस तू डॉक्टरांशी बोललीस, नर्सशी बोललीस, खालच्या चहावाल्याशीसुद्धा बोललीस. मी तिथंच बाकावर बसलेलो होतो. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, यातलं काय किती परत येईल हे डॉक्टर तुला सांगत होते तेव्हा मी तुझ्या मागे उभा राहून ऐकलं, चोरासारखं.

आता माझ्याकडून ऐक. ती भिंतीला धरून न्हाणीपर्यंत चालते. डाव्या हाताने जेवते. एकच शब्द बोलते, 'न्हाई'. डॉक्टर म्हणाले, बाकीचे हळूहळू येतील.

दिवाळीचं तू अजून धरून बसली आहेस, ठाऊक आहे मला. चार वर्षं झाली. आमटी अळणी होती, मी ताट सरकवलं, जावयासमोर सरकवलं हे चुकलं. तू उठलीस आणि म्हणालीस, या घरात पुन्हा पाणी पिणार नाही. सरकवलेल्या ताटाला एवढी शिक्षा कुठल्या कोर्टात होत नाही.

आणि चहा मला येतो. आज केला. पहिला उतू गेला, दुसरा आला.

रंगनाथ

राहुरी, २८ जानेवारी २०२५

स्नेहल,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

सविताचा डबा मी बंद केला. तुझी काकू मनाने चांगली आहे, महिनाभर दोन्ही वेळचं तिनेच पाठवलं. पण डबा उघडताना मला दर वेळी तुझं वाक्य ऐकू यायला लागलं. मग तिला म्हटलं, "उद्यापासून पाठवू नको. मला शिकव."

ती म्हणाली, "भाऊजी, तुमच्यानं न्हाई व्हायचं. भाकरी म्हंजे काय साखर हाय का?"

साखर कारखान्यात एकतीस वर्षं मी रस आटवायच्या पॅनवर काढली. रस उकळत असताना काचेवर थेंब घ्यायचा, उजेडाला धरायचा आणि दाणा बघून सांगायचं, आता सोडा. माझं चुकलं तर अख्खा पॅन वाया जायचा. तो माणूस बाजरीच्या पिठाला भिणार होता का?

पहिल्या दिवशी अकरा भाकरी केल्या. परातीतून तव्यावर एकही सबंध गेली नाही. चार गाईने खाल्ल्या, बाकीच्या मी. तुझी आई स्वयंपाकघराच्या दारात खुर्चीवर बसून सगळं बघत होती. बाराव्या गोळ्याला तिने डाव्या हाताने परात स्वतःकडे ओढली, तांब्यातलं गरम पाणी पिठात ओतलं, माझा हात धरला आणि तळव्याच्या बुडाने पीठ रगडायला लावलं. मी गव्हाच्या कणकेसारखं तिंबत होतो. बाजरीला ते चालत नाही. तिला रगडून रगडून चिकटपणा आणावा लागतो, आणि लगेच थापावं लागतं. पीठ भिजवून विडी ओढायला गेलं की संपलं.

सहाव्या दिवशी एक फुगली. तुझी आई हसली. तोंडाची उजवी बाजू हसत नाही, पण डावीकडून पुरेसं कळतं.

टपरीवर आसारामला हे समजलं. चार माणसांत म्हणाला, "रंगनाथ, रिटायर होऊन आता बायको झाला व्हय?"

मी म्हटलं, "व्हय. तुझी चार दिवस माहेरी पाठव, मग काय खातोस ते मला येऊन सांग."

बाकीचे हसले, पण कोणाला हसले ते मी बघत बसलो नाही. मला डाळ भिजवायची होती.

रंगनाथ

राहुरी, १७ फेब्रुवारी २०२५

स्नेहल,

नको म्हटलं असताना काल गाडी पाठवलीस. तू परीक्षेच्या कामात होतीस म्हणून केदारराव एकटेच आले. आता त्यांनी तुला काय सांगितलं असेल ते असेल, मी माझ्या बाजूने लिहून ठेवतो.

मी हुलग्याचे शेंगोळे केले होते. लसूण-मिरची घातलेलं पीठ मळून, तळहातावर वळून, वेटोळी करून उकळत्या पाण्यात सोडायची. पाणी उकळलेलं नसेल तर सगळ्याचं पिठलं होतं, हे मी आदल्या आठवड्यात करून बघितलेलं आहे. काल एकही विरघळलं नाही. केदारराव दोनदा वाढून घेऊन जेवले आणि म्हणाले, "नाना, हे खरंच तुम्ही केलं?"

मी म्हटलं, "तुमच्या बायकोला सांगा."

मग ते तुझ्या आईच्या खाटेजवळ खाली बसले. चांगलं विचारलं त्यांनी, जोर केला नाही. "आई, स्नेहलने बोलावलंय. तुमची नात अनन्या वाट बघतेय. यायचं ना नाशिकला?"

ती म्हणाली, "न्हाई."

"नक्की?"

"न्हाई."

दोनदा विचारलं, दोनदा उत्तर मिळालं. मी म्हटलं, "ऐकलंत ना?" गाडी रिकामी परत गेली, मी लिहिलं होतं तशी.

तुझ्या आईला तिच्या घरात राहायचं आहे. तू तिच्यासाठी माझ्याशी भांडतेस, पण तिला विचारलं ते आम्ही.

रंगनाथ

राहुरी, १४ मार्च २०२५

स्नेहल,

काल होळी झाली. पुरणाची पोळी मी केली नाही, सविताने दिली. येत नाही ते येतं म्हणून मी लिहिणार नाही.

गेल्या महिन्यात तुझी आई चार दिवस खाटेखाली बोट दाखवत होती. मी चपला काढून दिल्या, पिशवी दिली, झाडूसुद्धा दिला. शेवटी पत्र्याची पेटी ओढली तेव्हा तिचा हात खाली आला. पेटीत गोधडी होती. लहान, पोराच्या मापाची. वर तिचं हिरवं लुगडं, आत जुनी धोतरं, आणि कडेने चार बोटं शिवलेली. सुई त्यातच टोचून ठेवलेली. सविता म्हणाली, "अनन्यासाठी काढली हुती आक्कानं. संक्रांतीपत्तोर पुरी करायची म्हणत हुत्या."

तुझ्या आईने ती माझ्या मांडीवर ठेवली. मी म्हटलं, "मी शिवू?" ती म्हणाली, "न्हाई," आणि सुई माझ्या हातात दिली.

माझी बोटं तुला माहीत आहेत. साखरेच्या उकळत्या राबीच्या चटक्यांनी शेंडे बधिर झालेली. सुई ओवायलाच पहिला तास गेला. मग तीन ओळी घातल्या. तिने तिन्ही उसवल्या, डाव्या हाताने, एकेक टाका ओढून. टाका जोरात ओढला की कापडाला चुण्या पडतात, सैल सोडला की बोट अडकतं. बाहेरून आत शिवत जायचं, मध्यापासून सुरू केलं की आतली धोतरं सरकून कोपऱ्याला गोळा होतात. हे ती बोलून सांगू शकत नाही म्हणून मला उसवून सांगते. कारखान्यात माझ्या हाताखालच्या माणसांकडून मीही असंच काम परत करून घ्यायचो, पण शिवी देऊन. ही शिवी देत नाही. देता येत असती तर दिली असती का, कुणास ठाऊक. छत्तीस वर्षांत तरी दिली नाही.

आत उजेड कमी पडतो, म्हणून मी ओट्यावर बसून शिवतो. हे कारण खोटं आहे. आत उजेड भरपूर आहे. आसाराम दोनदा रस्त्यावरून गेला, त्याला दिसावं म्हणून बसतो. तिसऱ्या वेळी तो थांबला. मला वाटलं आता बोलणार. तो म्हणाला, "टाका लई लांब पडतोय. माझी आई बारीक घालायची." आणि गेला. त्या दिवसापासून टाके बारीक घालतोय.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो.

तिचं मीठ डॉक्टरांनी कमी केलंय, म्हणून मी दोघांचा स्वयंपाक एकच करतो, अळणी. परवा जेवताना मी सविताला म्हटलं, "असलं खाऊन माणूस जगतो तरी कसा?"

तिने माझ्या ताटाकडे बघितलं. मग म्हणाली, "भाऊजी, तुमी पाच वर्सं झाली असलंच खाताय."

मग तिने उलगडून सांगितलं. कारखान्यात तपासणीचं शिबिर झालं होतं. माझं बीपी जास्त निघालं. डॉक्टरांनी कागद दिला तो मी फाटकाबाहेर टाकला आणि घरी काही बोललो नाही. कल्याणने तो उचलून तुझ्या आईला दिला. तेव्हापासून तिने आमटीतलं मीठ जरा जरा कमी करत आणलं, मला कळू नये असं. सविताने तिला विचारलं होतं, सांगत का नाहीस. ती म्हणाली होती, "सांगितलं तर मीठ वरून टाकून घेतील. न सांगता चार घास तरी जातील."

दिवाळीला पाहुणे म्हणून घाई झाली असेल. त्या दिवशी जरा जास्तच कमी पडलं.

मी ताट सरकवलं नव्हतं. फेकलं होतं. भिंतीवर आमटीचा डाग पडला, तो तिने पुसला, तू गेल्यावर. तुला हे ठाऊकच आहे. मीच पहिल्या पत्रात दुसरं लिहिलं होतं.

आणि ते पहिलं ताट नव्हतं. हेही तुला ठाऊक आहे.

मी माफी मागत नाहीये. तुझ्याकडे मागून काय उपयोग. जिच्याकडे मागितली तिने ऐकून घेतलं आणि पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. त्याचा अर्थ मला लागला नाही. पाणी मी प्यायलो.

रंगनाथ

राहुरी, ६ एप्रिल २०२५

स्नेहल,

तुझी चिठ्ठी मिळाली. चार वर्षांतली पहिली, आणि तिच्यात एकच ओळ. 'आईला मीठ किती चालतं ते डॉक्टरांना नीट विचारलंत का?'

विचारलंय. दिवसभराचं मिळून एक छोटा चमचा, सपाट. लोणचं, पापड बंद. जेवणानंतरच्या दोन गोळ्या आणि दुपारी चारची एक. चारला ती दाराकडे बघत बसते. तू तिला रोज चारला फोन करायचीस, हे मला आता कळलं. पूर्वी मी चारला घरात नसायचो.

पुढचं लिहायला मला पाच दिवस लागले आहेत.

मंगळवारी मी तिला आमटी चाखायला दिली आणि विचारलं, "मीठ बरोबर हाय का?" ती म्हणाली, "व्हय."

साफ म्हणाली. सविताला हाक मारली, तिच्यासमोर पुन्हा विचारलं, पुन्हा 'व्हय'. सविता रडायला लागली. मी कल्याणला सांगितलं, दुकानात सांगितलं, आसारामलाही सांगितलं. संध्याकाळपर्यंत मी फार खुशीत होतो. मग दिवा लावताना डोक्यात आलं, आज हिला 'व्हय' आलं. मग आजपर्यंत 'व्हय' म्हणायचं असेल तेव्हा ही काय म्हणत होती?

हे डोक्यात आलं असं लिहितोय तेही पूर्ण खरं नाही. मला माहीत होतं. दवाखान्यातून सोडताना, तू गोळ्या आणायला खाली गेली होतीस तेव्हा डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, "तोंडात एकच शब्द अडकलाय. होकाराला तोच येईल, नकारालाही तोच. शब्दावर जाऊ नका, हाताकडे बघत जा." आणि मी बघायचो. पाणी पाहिजे का विचारलं की 'न्हाई' म्हणायची आणि तांब्या ओढायची. ऊन लागतंय का, 'न्हाई', आणि सावलीकडे सरकायची. तीन महिने मी असंच तिचं सगळं केलं, आणि बरोबर केलं.

केदारराव खाली बसून विचारत होते तेव्हाही मी तिच्या हाताकडे बघत होतो. तिने त्यांची बाही धरली होती. 'न्हाई' म्हणताना धरलेलीच होती. ते उठायला लागले तरी सोडत नव्हती. त्यांना वाटलं, माया आहे. बोटं मी सोडवली.

हे मी तुला लिहिलं नव्हतं. आता लिहिलंय. केदाररावांना दाखव, त्यांना बाही आठवेल.

का केलं ते विचारशील. तू म्हणाली होतीस, चहा येत नाही. मला भाकरी आली होती, शेंगोळे आले होते. आणि बघायलाच कुणी राहिलं नसतं. लिहिल्यावर हे फारच लहान कारण दिसतंय. पण दुसरं नाही, शोधून बघितलं.

तिला मी अजून पुन्हा विचारलेलं नाही. भीती वाटते. पण विचारणार आहे. तू येऊन विचारशील त्याआधी मीच विचारणार, आणि जे म्हणेल ते जसंच्या तसं तुला कळवणार.

रंगनाथ

राहुरी, २१ एप्रिल २०२५

स्नेहल,

विचारलं.

सविता आणि कल्याण, दोघांना समोर बसवलं, म्हणजे माझ्या ऐकण्यावर राहायला नको. आधी सोप्या गोष्टी विचारल्या. "तुझं नाव सविता का?" "न्हाई." "लंका का?" "व्हय." "आज भाकरी करपली का?" "व्हय." कल्याण हसला. करपली होती खरी. मग विचारलं, "स्नेहलकडं नाशिकला जायचं का?"

"व्हय."

मी थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा विचारलं, तिसऱ्या दिवशी तिचे केस विंचरताना उलटं विचारलं, "इथंच राहायचं ना?" तेव्हा 'न्हाई' आलं. हाताकडेही बघितलं. हात मांडीवर गप्प होता. आता त्याला बोलायची गरज उरलेली नाही.

राग आला का? आला. चार महिने मी या बाईचं अंग पुसलंय, तिच्या हाताखाली सुई धरायला शिकलोय, आणि ती एका शब्दात निघाली. मी शेतात जाऊन बांधावर बसलो. तिथं बसल्यावर हिशेब उलटा दिसायला लागला, तिची वर्षं माझ्या महिन्यांपुढे मांडली की. मग उठून आलो, कारण चारची गोळी होती.

गोळी देताना विचारलं, "कायमची जायचं?"

"न्हाई."

"मग परत येणार?"

तिने बराच वेळ माझ्याकडे बघितलं. तोंड हलवलं, पुन्हा मिटलं. नवा शब्द जुळवताना ती असंच करते. मी वाट बघितली. मग ती म्हणाली, "बघू."

तुला यातलं काय कळेल ते सांगता येत नाही, कारण हे तुझ्यासमोर फारसं घडायचं नाही. छत्तीस वर्षं ती मला काही ना काही विचारायची. माहेरी जाऊन येऊ का. स्नेहलला बारावीनंतर पुण्याला ठेवायचं का. नात झाली, नाशिकला बघून येऊ का. मी पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचो, बघू. नाही म्हणायचीही तसदी घेतली नाही कधी. नाही म्हटलं असतं तर ती भांडली तरी असती. 'बघू'शी कुणी भांडू शकत नाही. नात तीन वर्षांची झाली, आणि ती बघायची राहिली ती त्या एका शब्दापायी.

तोच शब्द तिने मला दिला. मुद्दाम दिला की सापडला तो दिला, विचारलं नाही. तिच्या डाव्या ओठाकडे बघून मला वाटतं, मुद्दाम.

तर आता सांगतो ते ऐक. शुक्रवारी सकाळी कल्याणची जीप काढतोय. संगमनेरला थांबून तिला खायला घालीन, अकराच्या सुमारास तुझ्या दारात असू. मी बरोबर येतोय. हे विचारत नाही, कळवतोय. जीपमध्ये तिला कसं बसवायचं, उतरवताना कुठल्या बाजूने धरायचं हे दुसऱ्या कुणाला येत नाही. कागदावर तिच्या गोळ्या, आंघोळ, व्यायाम सगळं लिहिलंय. गोधडी अर्धी आहे, तीही आणतोय. तुझ्या आईसमोर बसून तू शिव, आणि ती उसवेल तेव्हा तोंड वाकडं करू नकोस.

भाकरी दुधात कुस्करून द्यायची नाही. तिला कडा वेगळ्या लागतात. तिच्या वतीने बोलायचं नाही, तू नाही आणि केदाररावही नाही. मी ते केलंय, त्याचं काय होतं ते तुझ्या हातातल्या पत्रांत आहे. आणि ज्या दिवशी ती म्हणेल की परत जायचंय, त्या दिवशी तिला अडवलंस तर मी तुझ्या शाळेच्या फाटकात येऊन भांडीन. म्हणाली नाही तर येणार नाही. मी इथं उपाशी मरायचो नाही. मला सहा प्रकारच्या आमट्या येतात.

शुक्रवारी दार उघडशील तेव्हा आधी तिला आत घे. मग माझ्याकडे बघ. मी जीपपाशी उभा असेन. 'या' म्हण, नाहीतर 'जा' म्हण, दोन्ही मी ऐकून घेईन. फक्त 'बघू' म्हणू नकोस.

तुझा नाना